अपघाताच्या क्लेमची वकिली करू की नको? (ठाणे)

दिवा_स्लो

नमस्कार मंडळी. प्रश्न करिअरचा आहे, पण निम्मा घरगुतीही आहे. त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

वय 29. बी.कॉम.नंतर एका विमा कंपनीत मोटार थर्ड पार्टी क्लेमच्या (अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं की त्याने मागितलेल्या भरपाईच्या) फायली हाताळत होते. नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी केलं, सनद मिळाली, बारची परीक्षा झाली. गेलं वर्षभर ठाणे कोर्टात एका सिव्हिलवाल्या सिनिअरांकडे ज्युनिअर आहे. म्हणजे तारखा घेणे, नकलांचे अर्ज टाकणे, रोजनामा उतरवून आणणे आणि सर आतल्या कोर्टात असले की बाहेर पक्षकाराला बोलण्यात गुंतवून ठेवणे.

मला मोटार अपघात दाव्यांतच काम करायचंय. कंपनीत असताना तेच कागद दुसऱ्या बाजूने पाहिलेत, त्यामुळे कोणता कागद नसला की क्लेम लंगडा पडतो ते डोळ्यांना लगेच दिसतं.

अडचण बाबांची. त्यांनी 31 वर्षं बस चालवली. 2006 मध्ये वळण घेताना मागच्या चाकाखाली एक सायकलवाला आला. फौजदारीतून बाबा सुटले, पण क्लेममध्ये ते सामनेवाले नंबर एक. उलटतपासात त्या बाजूच्या वकिलाने विचारलं होतं, "आरशात बघायची सवय आहे का तुम्हाला?" हे वाक्य आमच्याकडे अजूनही जेवताना निघतं. मी क्लेमचं काम करणार म्हटल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे आता तू विचारणार." आई म्हणते, हॉस्पिटलबाहेर घिरट्या घालणारी गिधाडं असतात ती, सोसायटीत सांगायचं काय?

तर, यात पोट भरतं का? टक्केवारी घ्यावीच लागते का? आणि ज्या वस्तीत राहतो तिथेच हे काम करताना माणसं तुमच्याशी कशी वागतात? या लाइनमधलं कुणी असेल तर प्लीज मोकळेपणाने लिहा.

---

मानपाडा_सिग्नल

वकील नाही, भुक्तभोगी आहे. 2018 ला भावोजी बाइकवरून उडाले. आम्ही आयसीयूबाहेरच्या बाकावर. सीटी स्कॅनचा रिपोर्टही हातात आला नव्हता आणि एक माणूस शेजारी येऊन बसला. आधी पाण्याची बाटली दिली. मला वाटलं कुणाचा तरी नातेवाईक. दहा मिनिटांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून कोरं वकीलपत्र काढलं. "ताई, फक्त सही, बाकी आम्ही बघतो, तीस टक्के." बहिणीने केली सही. त्या अवस्थेत तिने कशावरही केली असती. वकील साहेबांचं तोंड आम्ही पुढे दीड वर्षाने पाहिलं.

तुझी आई चुकीचं बोलत नाहीये. करायचंच असेल तर कर, पण त्या बाकावर येऊन बसू नकोस.

---

खारीगावची_वकीलबाई

वयाने बरीच मोठी आहे, तेव्हा सरळ अगं-तुगं करते. सनद 2003 ची. बसते कोर्ट नाक्यावर, राहते खारीगावात. पहिली चार वर्षं फौजदारीत जामिनाचे अर्ज केले, नंतर क्लेमच.

मानपाडावाल्या दादांनी लिहिलंय ते रोज घडतं, कुणी नाकारू नये. त्या बाटलीवाल्याला आमच्याकडे दलाल म्हणतात. बार कौन्सिलच्या नियमांत असं काम मिळवायला बंदी आहे. माणूस पाठवून नाही, स्वतः जाऊन नाही, जाहिरात करूनही नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठेवणं, त्यालाही बंदी. अमेरिकेत जखमींचे वकील टक्क्यांवरच काम करतात आणि हमरस्त्यावर स्वतःचे फोटो लावतात. ते बघून आपल्याकडेही चालत असेल असं पुष्कळांना वाटतं. चालत नाही. सगळे पाळतात का? तू वर्षभर कोर्टात आहेस, मी काय सांगू.

मग पोट कसं भरतं? मी ठरलेला आकडा कागदावर लिहून देते. दाखल करताना थोडी, पुराव्याच्या वेळी थोडी, युक्तिवादाला उरलेली. ज्याच्याकडे काहीच नसतं त्याला म्हणते, निकालानंतर दे, पण आकडा तोच, दहा लाख मिळोत की तीस. बाई दावेदार असेल तर आधीच सांगते की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तुला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे सांगितल्यावर निम्म्या जणी तिकडे जातात. जाऊ देत. पहिल्या पाच वर्षांत माझं घर नवऱ्याच्या पगारावर आणि मी करत असलेल्या भाडेकरारांवर चाललं. हे पचणार असेल तरच पुढे वाच.

आता खरं काम काय असतं ते एका केसवरून सांगते, नाहीतर तुला वाटायचं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाईचा अर्ज टाकला, कॉम्प डबल ए (पोलिसांचा अपघाताचा अहवाल) जोडला, झालं.

आमच्याच भागातली एक कोळीण. वय 47. पहाटेच्या पहिल्या लोकलच्या लगेज डब्यातून भाऊच्या धक्क्यावर जायची, माल घेऊन यायची, कळव्याच्या बाजारात पाटावर बसायची. 2014 च्या पावसात एका बाइकने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं. अपंगत्वाच्या दाखल्यावर 35 टक्के. विमा कंपनीचे वकील म्हणाले, बसून धंदा करते, पाय लागतो कुठे?

पहिला प्रश्न उत्पन्नाचा. कोळणीकडे कसली सॅलरी स्लिप! ती म्हणाली, "ताई, हिशेब डोक्यात असतो माझा." तिच्याकडे तीन दुपार बसले. चौथ्या दिवशी फडताळातून वासाची पिशवी निघाली, तिच्यात बर्फाच्या पावत्या. अडीच वर्षांच्या, दोऱ्याने बांधलेल्या. का ठेवल्या विचारलं तर म्हणे, बर्फवाला दोनदा पैसे मागतो. रोज किती बर्फ घेतला यावरून माल किती असेल ते बाजारातल्या दुसरीने साक्षीत सांगितलं. महिना 12,000 मान्य झाले.

दुसरा प्रश्न त्या 35 टक्क्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईवर झालेला परिणाम वेगळा, न्यायाधिकरणाने (क्लेमच्या कोर्टाने) दुसरा बघायचा. पण तो दाखवायचा कसा? मी आदल्या रविवारी बाजारात जाऊन तिच्या जागेसमोर तासभर उभी राहिले. पाट सहा बोटं उंच. मासे कापताना विळी पायाखाली दाबायची, गिऱ्हाईक आलं की अर्धवट उठायचं, परत बसायचं. डॉक्टर साक्षीला आले तेव्हा त्यांना एकच गोष्ट विचारली: या बाई उकिडव्या बसू शकतील का? डॉक्टर म्हणाले, "नाही." आणि टोपली? "डोक्यावरून नाहीच नाही."

कमाईचं नुकसान 70 टक्के धरलं गेलं. आता तुझी बी.कॉम. चालव. 12,000 त स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीपुढचं म्हणून भविष्यातल्या वाढीचे 25 टक्के, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालातून. झाले 15,000. वर्षाचे 1,80,000. वय 47 ला गुणक (वर्षाची कमाई ज्या आकड्याने गुणायची तो) 13, हा 2009 च्या सरला वर्मातला तक्ता, उशाशी ठेव. 23,40,000. त्याचे 35 टक्के 8,19,000 आणि 70 टक्के 16,38,000. दवाखान्याचा खर्च, वेदना वगैरे निराळे. तो सगळा फरक डॉक्टरांच्या एका 'नाही'मधून आला, आणि ते 'नाही' माझ्या रविवारातून. कायद्याची पुस्तकं सगळ्यांकडे सारखीच असतात गं.

वस्तीबद्दल विचारलंस. माझ्या घराची बेल रात्री साडेदहाला वाजते. "ताई, जरा कागद बघता का?" पूर्वी वैतागायचे. आता कॉलेजात जाणारा मुलगाच दार उघडून विचारतो, "एफआयआरची कॉपी आणलीय का?" भाजीवाली पैसे घेत नाही, मग मी तिच्याकडे जाणंच बंद केलं. हळदीकुंकवाला काहीजणी मला टाळतात, कारण मी दिसले की त्यांना तो दिवस आठवतो. एकीने तोंडावर सांगितलं. वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय. घरात मयत झालं असेल तर तेराव्याच्या आत फाईल उघडायची नाही. जायचं ते शेजारीण म्हणून, पिठलं-भात घेऊन. कुणी कागद काढलाच तर म्हणायचं, नीट ठेवा, चौदाव्या दिवशी बघू. पण त्यापुढे मात्र ढिलाई नको. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी आपण मुदत आहे असंच धरून चालायचं.

दहीहंडीच्या आधी तर मी पथकाची कारकून होते. सरकार गोविंदांचा विमा काढतं, त्याच्या याद्या, वयाचे दाखले. चौदाच्या आतलं पोर वरच्या थरासाठी माझ्या यादीत घुसवायचा प्रयत्न दरवर्षी होतो आणि दरवर्षी माझी आणि पथकाच्या दादांची जुंपते. त्याच पोरांना सरावाच्या मैदानात बसवून मी दोन गोष्टी घोकून घेते. रस्त्यावर पडलेल्याला उचलून दवाखान्यात नेलं तर कायद्याने तुम्हाला त्रास देता येत नाही, कलम 134-अ. आणि 5 मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार. त्यातल्या एकाने मागच्या पावसाळ्यात गायमुखच्या उतारावर एका काकांना रिक्षात घालून नेलं. काका वाचले. त्यांचा क्लेम दुसऱ्या वकिलाकडे गेला, हे आपलं असंच सांगितलं.

तुझं नाव 'दिवा स्लो' आहे म्हणून आणखी एक. रेल्वेचं काम शीक. गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात आठ लाखांची भरपाई आहे, चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, मुदत एक वर्षाची. मुंब्र्याच्या वळणावर 9 जून 2025 ला लोकलमधून माणसं पडून गेली; तू रोज त्याच वळणावरून जातेस, तुला सांगायला नको. भांडण बहुतेकदा तिकिटावर होतं. पास अंगावर सापडला नाही एवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही, हे 2018 च्या रीना देवी निकालाने स्पष्ट झालंय. पण रूळ ओलांडताना गेलेल्याला यात काही मिळत नाही, आणि ते त्याच्या बायकोला समजावून सांगणं हे या धंद्यातलं सगळ्यात जड काम. मी अजून ते नीट करू शकत नाही.

राहिले बाबा. त्यांना कोर्टात नेऊ नकोस, त्यांच्यासमोर घटनास्थळाचा पंचनामा ठेव. आम्हा वकिलांना तो मजकूर असतो, 31 वर्षं बस चालवलेल्याला तो रस्ता असतो. मागचं चाक वळताना किती आत येतं, डाव्या आरशात काय दिसत नाही, घसरल्याची खूण ब्रेकची की वळणाची. मला असा माणूस 22 वर्षांत एकदाच मिळाला, तो बिचारा आता गावी गेला.

---

पॅनलवरचा

मी पलीकडच्या टेबलावर बसतो, विमा कंपनीच्या वकिलांच्या पॅनलवर. वकीलबाईंनी आमच्या बाजूला थोडा अन्याय केलाय. 'पाय लागतो कुठे' हे कुणीतरी विचारायचंच असतं, नाहीतर खोटे दाखले घेऊन येणाऱ्यांना रान मोकळं. मी स्वतः एक केस पाहिली, अपघाताच्या तारखेला जखमी माणूस दुसऱ्याच शहरात कामावर हजर होता. मस्टरवर सही!

ताईंना सल्ला: कंपनीत काम केलंय तर पॅनलसाठी प्रयत्न करा. फी कमी असते, बिलं उशिरा निघतात, पण फायली येत राहतात. सुरुवातीला दोन्ही बाजू करता आल्या तर हात तयार होतो, फक्त एकाच कंपनीच्या बाजूने आणि विरुद्ध असं होऊ देऊ नका.

आणि निकाल वाचत राहा. टेम्पोवाल्याकडे नुसतं हलक्या वाहनाचं लायसन्स आहे, ट्रान्सपोर्टचं नाही, हा आमचा हातखंडा बचाव होता. 6 नोव्हेंबर 2024 ला घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात सांगितलं की 7,500 किलोच्या आतलं मालवाहू वाहन त्या लायसन्सवर चालवता येतं. वागळे इस्टेटच्या निम्म्या टेम्पोंवरचा माझा युक्तिवाद एका दुपारीत गेला. दुसऱ्या दिवशी समोरच्या वकिलांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

लोक अदालतीला नाकं मुरडू नका. तिथे मिटलं की अपील नाही, पैसे लवकर हातात.

---

खारीगावची_वकीलबाई

@पॅनलवरचा, पेढे मीच वाटले होते की काय? वर्णन ओळखीचं वाटतंय. लोक अदालतीबद्दल सहमत, पण जखम पूर्ण भरायच्या आधी मिटवू नये. रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन बाकी असताना सही केलेली माणसं मी पाहिलीत.

बाकी, दिवा_स्लो, ऑफिस कुठे थाटायचं ते नीट ठरव, कारण ते बदलता येत नाही. 2009 च्या एका केसमध्ये वडील गेले तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. 2013 ला निकाल लागला, त्याच्या वाट्याचे पैसे सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा हुकूम झाला. 2023 मध्ये एक उंच पोरगा दारात उभा. हातात लॅमिनेट केलेली पावती. बँकेचं नाव विलीनीकरणात बदललेलं, शाखा हललेली, आई म्हणाली होती की कोर्ट नाक्यावर जिन्याखाली एक बाई बसतात त्यांना विचार. आता मी पहिल्या मजल्यावर बसते, पण त्याच जिन्याच्या. रक्कम सुटायला चार तारखा लागल्या. फी घेतली नाही, पण त्याच्याकडून दुसऱ्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याची तीस रुपये उधारी फेडून घेतली.

पावती लॅमिनेट करू नका असं मात्र आता प्रत्येक दावेदाराला बजावते. बँकेला मागे सही घ्यायला जागाच राहत नाही.

---

मानपाडा_सिग्नल

भावोजींचा क्लेम चालू आहे अजून. वकीलबाई, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केला तर चालेल का? गिऱ्हाईक म्हणून नाही, फक्त एक कागद दाखवायचाय.

---

खारीगावची_वकीलबाई

तुमचा वकील आहे ना, मग आधी त्यांच्याकडून फायलीची नक्कल मागा, तो तुमचा हक्क आहे. दिली नाही तर मग व्यनि करा. रात्री साडेदहानंतर नको, मुलाची परीक्षा आहे.

---

दिवा_स्लो

सगळ्यांचे आभार. सोमवारी सरांशी बोलते. आठवड्यातले दोन दिवस क्लेमच्या कोर्टात बसायला सोडतील असं वाटतंय.

काल रात्री बाबांना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'आरशात काय दिसत नाही' या ओळीला त्यांनी मान वर केली, बोलले काही नाही. मग हात धुवायला गेले आणि आतून विचारलं, "त्या कोळणीचे पैसे आले का शेवटी?"

आले का हो ताई?

---

खारीगावची_वकीलबाई

आले. कंपनी हायकोर्टात गेली होती, पण रक्कम फारशी कमी झाली नाही. त्यातून सुनेला गाळा घेऊन दिला. स्वतः अजून बसते, पाटावर नाही, प्लास्टिकच्या उंच स्टुलावर, आणि कापायचं काम सून करते. बाबांना सांग, सुरमई हवी असेल तर रविवारी नऊच्या आत जा. नंतर उरतो तो बांगडा.